गेटवरचा मोर आणि ‘शिवकृपा’: फोटोतलं डिझाइन सीएनसी प्लाझ्मावर कसं चढवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, नवीन सीएनसी प्लाझ्मा टेबल, म्हणजे संगणकाच्या हुकमाने टॉर्च फिरवून पत्रा कापणारं मशीन, घेतलंय. कंट्रोलरमध्ये आधीपासून भरलेले फ्लँज, रिंग, गसेट असे आकार ऑपरेटर मापं टाकून व्यवस्थित कापतो. पण गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर गेटच्या मोराचा फोटो पाठवतं आणि खाली लिहितं, ‘शिवकृपा’ असं नाव पण हवं. हे मशीनमध्ये घालायचं कसं आणि त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं?

सॉफ्टवेअरचं शेवटी बघू. आधी मशीनला काय कळतं ते सांगतो. मशीनला मोर कळत नाही. इथून तिथे जा, टॉर्च पेटव, या कंसावरून फिर, टॉर्च विझव, एवढंच कळतं. म्हणून फोटोपासून पत्र्यापर्यंत चार टप्पे पडतात. फोटोवरून रेषांचं ड्रॉइंग करायचं, ते डीएक्सएफ या रेषांच्या फाइलमध्ये काढायचं, त्या डीएक्सएफवर कॅममध्ये, म्हणजे कापाचा मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कापण्याचा मार्ग बसवायचा आणि त्यातून निघालेला जी-कोड, म्हणजे मशीनला कळणाऱ्या हुकमांची यादी, पेन ड्राइव्हने कंट्रोलरला द्यायचा. नवीन माणूस शेवटच्या दोन टप्प्यांना घाबरतो, पण पत्रे वाया जातात ते पहिल्या टप्प्यामुळे.

फोटोपासून सुरुवात करू. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे गिऱ्हाइकाला तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. कोरल ड्रॉमध्ये पॉवरट्रेस आहे, फुकटातल्या इंकस्केपमध्ये ट्रेस बिटमॅप आहे. दोन्ही एका क्लिकवर फोटोची रेषा करून देतात आणि तिथेच फसगत होते. गिऱ्हाइकाने पेनने काढलेलं चित्र असेल तर ट्रेस त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना कडा काढतो, म्हणजे एका रेघेच्या दोन रेघा होतात. टॉर्च दोन्ही कापणार आणि मधली पट्टी खाली पडणार. फोटो असेल तर सावल्यांचे ठिपके, काठांवरची कुसळं, सगळं ट्रेसमध्ये येतं आणि मोराच्या एकेका पिसावर शेकडो नोड, म्हणजे रेषेचे तुकडे जोडणारे बिंदू, बसतात.

नोड जास्त झाले तर नुसती फाइल जड होत नाही, कापही बिघडतो. अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरचे तुकडे जोडून केलेली वक्ररेषा कापताना साधा कंट्रोलर प्रत्येक सांध्याला वेग कमी करतो. टॉर्च अडखळत चालते, रेंगाळते तिथे काप रुंद होतो आणि आर्कचं, म्हणजे टॉर्च आणि पत्र्यामधल्या विजेच्या झोताचं, व्होल्टेज वाढतं. टॉर्चची उंची सांभाळणाऱ्या टीएचसीला वाटतं टॉर्च वर गेली, म्हणून ती टॉर्च खाली दाबते. टॉर्च पत्र्याला घासते, कड दातेरी दिसते आणि ऑपरेटर नोझल बदलत बसतो. नोझलचा काही दोष नसतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ट्रेस साफ करत बसण्यापेक्षा फोटो खाली ठेवून त्यावर हाताने नवीन रेषा ओढा. मोराची मान दोन-तीन कंसांत होते. पिसारा एकच पीस नीट काढून फिरवून कॉपी करायचा. सरावाने तासाभरात होणारं काम आहे आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तोच मोर चालतो. ट्रेस वापरायचाच असेल तर फोटो आधी निव्वळ काळा-पांढरा करून घ्या आणि नंतर इंकस्केपमधलं सिम्प्लिफाय जपून वापरा, कारण दोनदा दाबलं की मोराची चोच बोथट होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ड्रॉइंगमध्ये जिथे पत्रा राहणार तिथे काळा रंग भरा, बाकी पांढरं ठेवा. काळ्यातल्या कुठल्याही ठिकाणावरून दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी काळं न सोडता जाता आलं पाहिजे. जे काळं बेट चारी बाजूंनी पांढऱ्याने वेढलंय ते खाली पडणार. मोराचा डोळा पडतो, पिसाऱ्यातला चांद पडतो, गणपतीच्या चित्रात कपाळावरचा टिळा पडतो. अशा प्रत्येक बेटाला दोन-तीन ठिकाणी पूल ठेवावे लागतात. पुलाची रुंदी ३ मिमी पत्र्यात ४ मिमीच्या खाली नेऊ नका. स्क्रीनवर २ मिमीचा पूल छान नाजूक दिसतो, पण दोन्ही बाजूंनी काप गेला की उष्णतेने तो वाकतो किंवा जळून जातो.

नावाच्या पाटीत हाच हिशोब जास्त गमतीचा होतो, कारण यूट्यूबवरचे बहुतेक धडे इंग्रजी अक्षरांचे आहेत. तिथे सुटी अक्षरं असतात, त्यामुळे एकेक अक्षर कापून मागे पट्टीला टाक्याने धरावं लागतं. आपल्याकडे शिरोरेषा आहे. ‘शिवकृपा’ हे नाव उठावाचं कापलं, म्हणजे अक्षरं ठेवून बाजूचा पत्रा काढला, तर अख्खा शब्द शिरोरेषेला लटकून एकाच तुकड्यात हातात येतो. ही मोठी सोय आहे. फक्त बहुतेक फॉन्टमध्ये शिरोरेषा उभ्या काण्यापेक्षा बारीक असते. लांब नाव असेल तर तेवढी बारीक पट्टी कापतानाच कमान घेते, तेव्हा ती जाड करून घ्या. ‘नंदनवन’ असेल तर अनुस्वार मात्र एकटा पडतो. त्याला खालून छोटा देठ देऊन शिरोरेषेला जोडा किंवा मागून सळीचा तुकडा टाका. विसर्ग आणि चंद्रबिंदूचंही तेच.

उलट, पत्र्यात अक्षरं आरपार कापायची असतील तर शिरोरेषा वैरीण होते. रांगोळीच्या छापासारखं काम आहे हे, जिथून रांगोळी पडायची तेवढंच मोकळं. आता ‘शिवकृपा’मध्ये काय-काय पडतं बघा. ‘व’चं पोट पडतं. ‘क’चा डावा गोल पडतो. ‘प’ वरून शिरोरेषेने बंद झालाय, त्यामुळे त्याचं पोटही पडतं. पहिल्या वेलांटीची कमान शिरोरेषेला दोन्हीकडे टेकत असेल तर तिच्या आतला तुकडाही जातो. शिवाय शब्दाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग लांब फट पडली की पातळ पत्रा तिथे हमखास फुगतो. म्हणून आरपार कामात शिरोरेषा प्रत्येक अक्षरानंतर तोडा, मध्ये ५-६ मिमी पत्रा राहू द्या, आणि बंद पोटांना वरून किंवा खालून एकेक पूल द्या. वाचताना डोळा ती फट आपोआप भरून घेतो. ‘क’च्या गोलासारखं छोटं पोट पत्र्याच्या जाडीच्या दीडपटीपेक्षा लहान होत असेल तर पूल देण्याच्या भानगडीत पडू नका, ते सरळ मोकळं कापून टाका.

फॉन्ट जाड घ्या. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे दोन फॉन्ट फुकट मिळतात, युनिकोड आहेत, दोन्हींची ठळक वजनं आहेत. बालूची टोकं गोलसर आहेत, ती प्लाझ्माला विशेष मानवतात, कारण टोकदार कोपऱ्यात टॉर्च थबकते आणि कोपरा वितळतो. नाजूक बोरूचं वळण असलेले फॉन्ट लेझरसाठी ठेवा.

अक्षर टाइप केल्यावर दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. पहिली, अक्षरांचं कर्व्हमध्ये रूपांतर, कोरलमध्ये कंट्रोल-क्यू. फ्लेक्सवाल्याकडून आलेली फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असते आणि तो फॉन्ट तुमच्याकडे नसला की नावाच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. त्यालाच सांगा, कर्व्ह करून पाठव. दुसरी गोष्ट म्हणजे सॉफ्टवेअरमधलं वेल्ड, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार जोडून एकच आकार करणं. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपली शिरोरेषा स्वतः घेऊन येतं आणि शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेवर ती थोडी चढते. रंग भरलेला असताना शब्द सलग दिसतो. कर्व्ह केल्यावर मात्र ‘श’ची कड ‘व’च्या आत घुसलेली असते आणि टॉर्च ती कडही कापते. मग शब्द हातात न येता अक्षरंच सुटी होऊन येतात. सगळी अक्षरं निवडून कोरलमध्ये वेल्ड, इंकस्केपमध्ये युनियन करा आणि नंतर वायरफ्रेम व्ह्यूमध्ये बघा. तिथे जी रेष दिसते ती टॉर्च कापणार, रंग काहीही असो. फ्लेक्सच्या फाइलमध्ये सावली, दुहेरी बॉर्डर, एकावर एक ठेवलेल्या प्रती सर्रास असतात. छपाईत ते खपतं, पण इथे टॉर्च त्याच रेषेवरून दोनदा जाते आणि दुसऱ्या फेरीला खाली धातूच नसल्याने आर्क तुटते.

डीएक्सएफ काढताना मिलिमीटर निवडा. वस्तू पंचवीस पट मोठी किंवा लहान आली तर समजायचं कुठेतरी इंच आणि मिलिमीटरची गल्लत झाली, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिमी. मी प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात १०० मिमीचा चौकोन ठेवतो, कॅममध्ये तो मोजतो आणि मग पुसतो. काही कॅमना आणि बहुतेक साध्या कंट्रोलरना स्प्लाइन, म्हणजे सलग लवचीक वक्ररेषा, वाचता येत नाही आणि रेषा गायब होते. तेव्हा आधी तिचं पॉलिलाइनमध्ये, म्हणजे जोडलेल्या तुकड्यांच्या रेषेत, रूपांतर करा. ऑटोकॅड असेल तर ओव्हरकिल या कमांडने एकावर एक पडलेल्या रेषा जातात आणि पीएडिटमधल्या जॉइनने उघडी टोकं जुळतात. आकार एक दशांश मिलिमीटरनेही उघडा राहिला तर कॅमला आत कुठे आणि बाहेर कुठे ते कळत नाही.

कॅममध्ये पहिला विषय कर्फचा, म्हणजे कापाच्या रुंदीचा. प्लाझ्माचा काप नेहमीच्या नोझलला साधारण दीड मिलिमीटर धरा, पण अँपिअर, नोझल आणि जाडीप्रमाणे तो बदलतो, म्हणून स्वतः मोजा. भरपाई शून्य ठेवून १०० मिमीचा चौकोन कापा आणि व्हर्नियर लावा. ९८.४ आला तर कर्फ १.६. ही भरपाई दिली नाही तर १२ मिमीचा काना उठावात साडेदहाच्या आसपास येतो आणि आरपारमध्ये साडेतेराच्या. भरपाई कॅममध्ये द्या किंवा कंट्रोलरवर द्या, दोन्हीकडे दिली तर माप उलट्या बाजूला चुकतं. कामाला दोन ऑपरेटर असतील तर कुठे द्यायची ते एकदाच ठरवून मशीनवर लिहून चिकटवा.

मग दिशा. टॉर्चमध्ये हवा गोल फिरत येते, त्यामुळे चालण्याच्या दिशेने बघितलं तर उजवीकडची कड काटकोनात येते आणि डावीकडची तिरकी होते. तिरकी कड भंगारात गेली पाहिजे. म्हणून बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने आणि आतली भोकं उलट्या दिशेने कापायची. कॅम हे आपोआप करतं, पण त्यासाठी कोणता आकार आतला आणि कोणता बाहेरचा हे त्याला बरोबर कळलेलं असावं लागतं. एखाद्या पाटीची कड एकीकडे सरळ आणि दुसरीकडे उतरती आली तर आधी दिशा तपासा.

पत्रा फोडताना, म्हणजे पिअर्सिंगला, वितळलेला धातू उसळतो आणि तिथे ओबडधोबड खड्डा पडतो. तो खड्डा भंगाराच्या बाजूला ठेवायचा आणि तिथून कडेपर्यंत छोटी वाट काढायची, तिला लीड-इन म्हणतात. ३ मिमीला ४-५ मिमीची वाट पुरते, १० मिमीला त्याहून जास्त लागते. बारीक नक्षीत लीड-इनला जागाच उरत नाही आणि ती पलीकडच्या कडेला चावते. नक्षी जमणार नाही हे कळण्याची ही पक्की खूण आहे. बोल्टच्या भोकांसाठी नियम सोपा आहे. भोक पत्र्याच्या जाडीएवढं तरी हवं, दीडपट असेल तर बरं. त्याखाली फक्त सेंटर मारून घ्या आणि ड्रिल करा. भोक कापताना वेग नेहमीच्या साठ टक्क्यांवर आणा आणि टीएचसी बंद ठेवा.

क्रम म्हणजे आधी आतलं सगळं आणि बाहेरची कड शेवटी. एकदा तुकडा सुटला की तो हलतो आणि मग राहिलेलं भोक भलतीकडे पडतं. मोराच्या पिसाऱ्यासारख्या दाट जाळीत शेजारशेजारची भोकं लागोपाठ कापू नका. एक इकडे, एक तिकडे असं पसरून कापा, नाहीतर पत्रा एका बाजूला तापून वर उचलतो. सुटलेले तुकडे स्लॅटवर, म्हणजे पत्र्याखालच्या आधारपट्ट्यांवर, उभे राहतात आणि येणारी टॉर्च त्यांना धडकते. त्यावर डोळा ठेवायला माणूस लागतोच. चहाला जायचं ते काप संपल्यावर.

जी-कोड स्वतः लिहायची गरज नाही, पण वाचता आला पाहिजे. जी २१ म्हणजे मिलिमीटर, जी ०० रिकामी धाव, जी ०१ सरळ काप, जी ०२ घड्याळाच्या दिशेने कंस, जी ०३ उलट. जी ४१ आणि जी ४२ म्हणजे कर्फची डावी-उजवी भरपाई, जी ४० ने ती बंद. घोळ होतो तो पोस्ट प्रोसेसर, म्हणजे कॅममधला मार्ग त्या-त्या कंट्रोलरच्या जी-कोडमध्ये बदलणारा भाग, चुकीचा निवडल्याने. आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच चिनी कंट्रोलरवर टॉर्च एम ०७ ने पेटते आणि एम ०८ ने विझते, तर संगणकावर चालणाऱ्या मॅक-३ या कंट्रोलरवर त्यासाठी एम ०३ आणि एम ०५ लागतात. एकाची फाइल दुसऱ्याला दिली की टेबल सगळा मोर फिरून येतं आणि ठिणगी पडत नाही. दुसरं लक्षण म्हणजे प्रीव्ह्यूमध्ये डिझाइनवर भलीमोठी वर्तुळं उमटलेली दिसतात. कंसाचा मध्यबिंदू कुठून मोजायचा याबद्दल कॅम आणि कंट्रोलर यांचं जमलेलं नसतं. पोस्टमधली तेवढी सेटिंग बदलली की वर्तुळं जातात, ड्रॉइंगला हात लावायचा नाही. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि छोटं ठेवा, पेन ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा.

पेटवायच्या आधी टॉर्च बंद ठेवून एक रिकामी फेरी मारा, पत्र्याबाहेर कुठे जातेय का ते कळतं. वेग आणि अँपिअर पॉवर सोर्सच्या पुस्तकातल्या तक्त्यातून घ्या, शेजारच्या वर्कशॉपमधून ऐकून नको. मग खालची मळी बघा. सहज ठोकून निघणारे जाड गोळे असतील तर वेग कमी आहे. बारीक, घट्ट चिकटलेली आणि ग्राइंडरशिवाय न निघणारी मळी असेल तर वेग जास्त आहे. पावसाळ्यात मात्र आधी कॉम्प्रेसर बघायचा. कोल्हापूर असो वा कोकणपट्टी, जून ते सप्टेंबर टाकीत पाणी साचतं, ते हवेबरोबर टॉर्चमध्ये जातं आणि नोझल-इलेक्ट्रोड भराभर जातात. सकाळी टाकीचा ड्रेन उघडा, लाइनला ड्रायर लावा. मध्येच स्क्रीन गोठत असेल किंवा पेन ड्राइव्ह सुटत असेल तर आर्क पेटतानाची हाय फ्रिक्वेन्सी कंट्रोलरला त्रास देतेय, टेबलाला वेगळं अर्थिंग करून घ्या. जीआय पत्रा असेल तर जस्ताच्या धुरासाठी एक्झॉस्ट हवाच. रात्री थंडी वाजून ताप येतो तो त्याचाच. आणि हवेने कापलेल्या कडेवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी ग्राइंडर फिरवा, नाहीतर वेल्डमध्ये भोकं येतात.

आता सॉफ्टवेअर. मशीनबरोबर आलेलं नेस्टिंग सॉफ्टवेअर, म्हणजे पत्र्यावर तुकडे मांडून कापाचा मार्ग देणारं कॅम, आधी नीट शिका, बहुतेकांकडे फास्टकॅमची कुठलीतरी आवृत्ती असतेच आणि त्याचा पोस्ट तुमच्या कंट्रोलरसाठी आधीच बसवलेला असतो. ड्रॉइंगसाठी इंकस्केप पुरे. कोरल येणारा मुलगा गावात मिळत असेल तर कोरल, कारण त्याला देवनागरीचा सराव असतो. शीटकॅम चांगलं आहे, पण ते मॅक-३ सारख्या संगणकावर चालणाऱ्या कंट्रोलरला जास्त शोभतं. हजारो रुपयांचं पॅकेज पहिल्याच महिन्यात घेऊ नका.

दर लावताना नुसत्या किलोवर लावू नका. ३ मिमी पत्र्याचं वजन चौरस मीटरला साडेतेवीस किलो, मग त्यात एक मोठा गोल असो नाहीतर दोनशे भोकांची जाळी. खर्च मात्र जाळीत आहे, कारण नोझल आणि इलेक्ट्रोड झिजतात ते टॉर्च पुन्हा पुन्हा पेटण्याने. म्हणून कॅममध्ये कापाची एकूण लांबी आणि पिअर्सिंगची संख्या बघा आणि दोन्हींचा दर वेगळा धरा. ड्रॉइंगचे पैसे वेगळे सांगा. गिऱ्हाईक कुरकुरलं तर रेडिमेड मोर दाखवा, त्याचे ड्रॉइंगचे पैसे नाहीत म्हणा.

काही कामं नाकारायचीही असतात. अष्टकोनी राजमुद्रा हल्ली बरेच जण गेटवर मागतात. फूटभर रुंदीत तिच्या सगळ्या ओळी बसवल्या तर अक्षर एवढं बारीक होतं की कर्फच त्याला खाऊन टाकतो. ती फायबर लेझरवाल्याकडून जॉबवर्कने कापून आणा आणि तुमच्या गेटच्या चौकटीत बसवा. मोर आणि ‘शिवकृपा’ मात्र तुमच्याच टेबलावर होतील. आधी ‘शिवकृपा’च घ्या, उठावाचं, ३ मिमी पत्र्यात, अक्षराची उंची १५० मिमी ठेवून, आणि पहिला काप भंगार पत्र्यावर.